काळ्या नळीला चढलेलं तेज

“हात धुतलेस? आता मन धू. दोन्ही निवळलं की मग कामाला हात लाव.”

तिच्या आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण स्वच्छ खोलीबाहेरच्या बेसिनपाशी उभं राहिलं की आईचा आवाज हमखास कानाशी यायचा. कोपरापर्यंत हात धुवायचे, डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचं, मग टोपी, मुखपट्टी, पांढरा अंगरखा, हातमोजे. या नेमात लेकीनं कधी खाडा पाडला नव्हता.

आतल्या खोलीत सूर्याकडे बघणारी दुर्बीण होती. परीक्षा पार पडली की ती यानावर बसवायची आणि मग ते यान सूर्याकडे तोंड करून कायमचं अवकाशात राहणार. सूर्याचा झगझगता गोळा चकतीनं झाकायचा आणि त्याच्याभोवतीची फिकट प्रभा टिपायची, एवढंच दुर्बिणीचं काम. एवढंच म्हणायचं, पण ती प्रभा इतकी मंद, की दुर्बिणीतल्या आरशावर धुळीचा बारीकसा कण बसला तरी त्याच्यावरून उजेड विखुरणार आणि सगळ्या चित्राचा विचका होणार. असा कण बसू न देण्यासाठी एक माणूस नेमलेलं होतं. ते माणूस म्हणजे ती. सगळे तिला टापटीपताई म्हणत, तोंडावर आणि मागंही.

नाव सार्थ होतं. पावडर लावून आलेल्याला ती दारातून परत पाठवायची. लोकरीचा स्वेटर दिसला की तिच्या कपाळाला आठी. खुद्द मोठ्या बाईंना, म्हणजे अख्ख्या यानाची जबाबदारी डोक्यावर असलेल्या बाईंना, तिनं एकदा अत्तरापायी बाहेर उभं केलं होतं. आवाज मात्र कधी चढवला नाही. “बाई, तेवढं धुऊन या ना,” इतकंच. बाई मुकाट्यानं धुऊन आल्या होत्या.

आणि तो आरसा घासला होता तिच्या नवऱ्यानं.

घासला म्हणजे काय, वाढवला म्हणा. आरसेवाला म्हणूनच त्याला सगळे ओळखत. लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा तो त्या काचेवर हात चालवायचा, आणि आरसा शेजारी असला की बोलायचाही हळू. शेवटी काच अशी उतरली, की मापं घेणाऱ्यांनी यंत्र बिघडलं असेल म्हणून पुन्हा मापं घेतली.

पण मोठ्या परीक्षेत घोटाळा झाला. अंधाऱ्या दालनाच्या एका टोकाला खोटा सूर्य, म्हणजे एक प्रखर दिवा. दुसऱ्या टोकाला दुर्बीण. मधे लांबलचक काळी नळी, तिच्यातून उजेड यायचा. सूर्य चकतीआड झाकला की चित्र काळंकुट्ट दिसायला हवं होतं. त्याऐवजी खालच्या बाजूला एक फिकट चंद्रकोर उमटली. जाड मधे, निमुळती दोन्ही टोकांना. पुन्हा दिवा लावला, पुन्हा कोर. दुर्बीण काढून बसवली, तरी कोर हटेना.

सगळ्यांची नजर आरशाकडे वळली. आरशाच्या कडेला कुठं तरी खरखर राहिली असणार, दुसरं काय? बैठक भरली आणि ठरलं, की दुसरं कारण सापडलं नाही तर दुर्बीण उघडायची, आरसा काढायचा, पुन्हा घासायचा. म्हणजे यानाची उड्डाणाची पाळी हुकणार. पाळी हुकली की रॉकेट दुसऱ्याला जाणार, आणि पुढची पाळी कधी, ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी जेवताना सासूबाई म्हणाल्या, “भाजीत मीठ नाही.”

“आहे की,” आरसेवाला म्हणाला.

“तुला काय कळतंय! सकाळी चहाऐवजी नुसतं पाणी दिलं तर छान झालंय म्हणालास.”

तिला हसू आलं, पण नवऱ्याचं तोंड बघून तिनं ते गिळलं.

“आई, उद्या आरसा काढणार आहेत,” तो म्हणाला.

“काढू देत. पुन्हा घास. हात काय झडलेत तुझे?”

“घासायला माझी ना नाही गं. पण चूक कुठं आहे, तेच मला दिसत नाही. न दिसणारी चूक घासू कशी?”

सासूबाई उठल्या. त्यांनी त्याच्या पानात चिमूटभर मीठ वाढलं. “आधी हे कालव,” म्हणाल्या. “जेवणातली तरी चूक दिसली ना!”

त्या रात्री देवापुढं हात जोडताना तिनं आरशासाठी काही मागितलं नाही. नवऱ्यासाठी मागितलं. ‘चूक कुणाचीही असो, ती दिसू दे.’

सकाळी दुर्बीण उघडायच्या आधी आरसा एकदा बघून घ्यायचं काम तिच्याकडंच आलं. धूळ बघायची रीत अशी, की दालन अंधारं करायचं आणि हातातला दिवा आडवा, अगदी पृष्ठभागाला टेकेल न टेकेलसा धरायचा. समोरून न दिसणारा कण तिरप्या उजेडात चांदणीसारखा चमकतो. नळीच्या दुर्बिणीकडच्या तोंडाशी ती ओणवी झाली, दिवा तिरका केला आणि श्वास रोखून बघत राहिली.

आरसा दिसेचना! एक कण नाही, एक ओरखडा नाही. दिव्याचा झोत जणू कशालाच न लागता पलीकडं निघून जात होता. ‘इतकं निर्मळ काही आपल्या घरातल्या माणसाच्या हातून झालंय,’ या विचारानं तिनं दिवा क्षणभर तसाच धरून ठेवला.

दिवा मागं घेताना झोत नळीच्या काठावरून घसरला, आणि तिथं, त्या गडद काळ्या रंगात, तिला दोन डोळे दिसले.

तिचेच.

ती दचकली. काळ्या रंगानं उजेड गिळायचा असतो, परत फेकायचा नसतो. म्हणून तर नळीला आतून खरबरीत काळा रंग दिलेला होता. इथं मात्र तो गुळगुळीत झाला होता, घरातल्या जिन्याच्या कठड्यासारखा, वर्षानुवर्षं हात फिरलेल्या. तिनं दिवा गोल फिरवला. काठाच्या खालच्या बाजूला चकाकी चांगली रुंद होती. वर जावं तशी ती निमुळती होत गेली आणि तिच्या डोक्याच्या हातभर वर येऊन संपली. त्याच्या वर रंग जसाच्या तसा.

ती बुटकी होती. टाचा उंचावल्या तरी तिचा हात तिथवरच पोचायचा.

नळीचा काठ अधूनमधून एकदा पुसा, असं कामाच्या सूचनांत लिहिलं होतं. तिचं समाधान तेवढ्यावर कुठलं व्हायला! ती रोज पुसायची, सकाळी एकदा, जाताना एकदा. एक नाम घ्यायचं, एक हात फिरवायचा. पुन्हा नाम, पुन्हा हात. दिवसातली सगळ्यात शांत घटका तीच. त्या घटकेनं रंग घासून घासून त्याला आरशासारखं केलं होतं.

ती खाली बसली. बैठकीत सगळ्यांसमोर हे सांगायचं म्हणजे? एवढ्या माणसांना दारातून परत पाठवणारी आपण! क्षणभर तिला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. दुसऱ्याच क्षणी ध्यानात आलं: चूक नळीत आहे म्हणजे आरशात नाही. आणि मुखपट्टीच्या आत ती एकटीच हसायला लागली. अंगरखा काढायच्याही आधी तिनं दाराशी जाऊन हाक मारली.

“अहो! इकडं या. तुमच्या आरशाला काही झालेलं नाही. मीच दिवे लावलेत!”

मोठ्या बाई आल्या, आरसेवाला आला, आणि खोटा सूर्य सांभाळणारे दिवेवाले काका आले. नळी आणि दालन त्यांच्या ताब्यात असायचं. तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता. काकांनी नळीच्या काठावर काळ्या फॉइलची पट्टी गुंडाळली, दालन बंद केलं, दिवा लावला.

पडद्यावर अंधार उमटला. नुसता अंधार. कोर नाही, कोरीचा मागमूसही नाही.

मोठ्या बाईंनी स्वतःच टाळी वाजवली, लहान मुलीसारखी. “काय सुंदर काळोख आहे हो!” त्या म्हणाल्या. “दुर्बीण उघडायची नाही. रंग नवा देऊन वाळू द्या. उद्या सगळ्या परीक्षकांसमोर पुन्हा दिवा लावू.”

आरसेवाला पुढं सरकला. पडद्याकडं बघत त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. शेवटी बायकोकडं वळून म्हणाला, “मी काच घासली त्यापेक्षा तू नळी जास्त घासलीस की गं!”

मग कॅन्टीनमधे जो तो तोंडसुख घेऊ लागला.

“ताईंच्या नामस्मरणानं नळीला तेज चढलं बघा,” काका म्हणाले. “जप मनातल्या मनात करतात हो, तेज कशाला नळीला?”

“आणि त्या बुटक्या म्हणून कोर आली,” कुणीतरी मागून म्हणालं. “उंच असत्या तर पौर्णिमाच दिसली असती!”

“माझी उंची आता मोजलेली आहे,” ती म्हणाली. “थेट दुर्बिणीतून.” यावर सगळ्यात मोठ्यानं मोठ्या बाईच हसल्या. सूचनांत एक ओळ त्या तिथंच वाढवणार होत्या: टापटीपताईंनी पुसू नये.

“वाढवा,” ती म्हणाली. “पण मग मी देवाचं नाव कधी घेणार?”

“देवाला काय, हात रिकामा असला तरी चालतो,” आरसेवाला म्हणाला, आणि चहाचा कप तिच्यापुढं सरकवला. ते वाक्य तिला पटलं. चहा निवेपर्यंत ती त्याच्यावरच विचार करत बसली.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा असा काही उजळला, की आजूबाजूचे आपोआप थांबले.

“मुलगी झाली. माझ्या लेकीला मुलगी झाली!” काका उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. आणि मग एकदम ओशाळले. “पण नळीला रंग द्यायचाय. आत्ता दिला तरच उद्यापर्यंत वाळेल. उद्या दिवा लागल्यावर जातो मी बघायला.”

“तुम्ही आत्ता निघायचं,” ती म्हणाली. “रंग मी देते.”

“तुम्ही? अहो ताई, तुम्हाला ते खरखरीत काही बघवत तरी का? मधेच फडकं काढाल!”

“नाही काढणार. शब्द देते, काका. जसा तुम्ही दिला असता तसाच देईन, ओबडधोबड. आणि वाळल्यावर हातही लावणार नाही. जा, नातीचं तोंड बघून या.”

काकांनी तिच्याकडं नीट बघितलं आणि रंगाच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. दारापर्यंत ते चालत गेले, दारानंतर मात्र त्यांच्या पळण्याचा आवाज आला.

कॅन्टीनमधे पुन्हा गलका सुरू झाला. पौर्णिमेचा विनोद आता तिसऱ्या टेबलावर पोचला होता, आणि आरसेवाला पहिल्यांदाच तो स्वतः सांगत होता, हातवारे करकरून. त्याच्या बशीत चार बिस्किटं होती आणि तो ती चवीनं खात होता. तिनं त्याला हाक मारली नाही. किल्ली मुठीत घेतली, पदर खोचला आणि बाकावरून अलगद उठली.

कपाटातून तिनं रंगाचा डबा घेतला, रुंद ब्रश घेतला. वरच्या काठाला हात पोचावा म्हणून कोपऱ्यातलं लाकडी स्टूल उचललं. फडक्यांची चळत समोरच होती, घडी घातलेली, पांढरीशुभ्र. तिकडं तिनं एकदा बघितलं. मग कपाट लावलं, स्टूल काखोटीला मारलं आणि नळीच्या दिशेनं निघाली.