हजाराच्या पुढच्या फेऱ्या

मित्रांनो, मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे. विद्यापीठाच्या विज्ञान इमारतीत, तळमजल्यावरच्या बोळात मला भिंतीला टेकवून ठेवलं आहे. माझं झाकण वाकलं आहे, पोट आतून फाटलं आहे आणि अंगावर भंगारात काढायची चिठ्ठी चिकटवली आहे. येणारी-जाणारी माणसं माझ्यापासून जरा लांबूनच जातात. त्यांचं काही चुकत नाही. काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. का झालं, हे मात्र कोणी फारसं विचारत नाही, म्हणून मीच सांगतो.

माझं नाव अवघड असलं तरी काम सोपं होतं. द्रवाने भरलेल्या नळ्या पोटात घ्यायच्या आणि इतक्या जोरात फिरवायच्या, की जड असेल ते तळाशी बसावं आणि हलकं वर राहावं. खरं तर फिरायचा तो माझ्या पोटातला रोटर. दोन्ही हातांनी उचलावा लागणारा धातूचा गोल ठोकळा, त्यात नळ्यांसाठी आठ तिरकी भोकं. मिनिटाला वीस हजार वेळा तो स्वतःभोवती फिरायचा.

कारखान्यातून निघताना माझ्यासोबत एक कागद आला होता. हा रोटर पूर्ण वेगाने एक हजार फेऱ्या चालवावा आणि मग बदलावा, असं त्यावर स्पष्ट लिहिलं होतं. झाकण लावलं, यंत्र फिरलं, थांबलं, की झाली एक फेरी. धातूही थकतो, मित्रांनो. फक्त त्याचा थकवा चेहऱ्यावर दिसत नाही.

तो कागद मनापासून वाचणारा एकच माणूस होता. यंत्रं सांभाळणारे काका. प्रत्येक फेरीनंतर ते रोटर साध्या पाण्याने धुवायचे, मऊ फडक्याने टिपायचे आणि वाळायला पालथा ठेवायचे. मग जाड वहीत तारीख, वेग आणि फेरीचा आकडा लिहायचे. कोणी घाई केली तर म्हणायचे, "तुमचं संशोधन मला कळत नाही. मोजता मात्र येतं."

ते माझे सुखाचे दिवस होते. पुढे मी सगळ्या विभागांसाठी खुला झालो. माझ्यापुढे रांग लागू लागली. माणसं जे फिरवायला आणत, त्यावरूनच त्यांची नावं पडली. रक्तवाले, पानवाले, औषधवाले. तळ्याच्या तळाचा गाळ घेऊन येणारी एक संशोधक होती, ती मातीवाली. रांगेत उभं राहून ही मंडळी एकमेकांना आपापलं काम समजावून सांगायची. मातीवालीच्या गाळातला एक जीव औषधवाल्यांना उपयोगी पडला, तो माझ्या शेजारी झालेल्या गप्पांतूनच. विद्यापीठाच्या पत्रिकेत माझं छायाचित्र आलं. कुलगुरूंचा हात माझ्या झाकणावर होता. काकांचा फक्त खांदा आला.

काका निवृत्त झाले तेव्हा वहीतला आकडा सहाशे बारा होता.

त्यांच्या जागी मॅडम आल्या. त्या वाईट नव्हत्या. दोन मजल्यांवरच्या सगळ्या यंत्रांचा भार एकट्या त्यांच्या डोक्यावर होता. त्यांनी संगणकावर वेळ राखून ठेवायची सोय केली. संगणक नाव विचारायचा, विभाग विचारायचा, तास विचारायचा. फेऱ्या विचारायचा नाही. वही टेबलाच्या खणात गेली. रक्तवाल्यांना वाटायचं पानवाले लिहीत असतील, पानवाल्यांना वाटायचं मॅडम लिहीत असतील. मी सगळ्यांचा होतो, म्हणून हळूहळू कोणाचाच उरलो नाही.

एकदा खारट द्रावणाचे काही थेंब रोटरच्या चौथ्या भोकात राहिले. कोणी धुतले नाहीत. त्या जागी धातूला खड्डा पडला, टाचणीच्या टोकाएवढा. खड्ड्यातून चीर निघाली. केसाहून बारीक. प्रत्येक फेरीला ती किंचित पुढे सरकायची. मला ते कळत होतं. पण मला बोलता येत नव्हतं, फक्त थरथरता येत होतं. आणि त्याच सुमारास मॅडमनी माझ्या पायांखाली जाड रबर घातलं, त्यामुळे खोलीत ती थरथरही कोणाला जाणवेना.

ती जाणवली भिंतीपलीकडे. तिथे भौतिकशास्त्राचे एक सर बारीकातले बारीक हादरे मोजायचे. तुमच्या यंत्राने माझे प्रयोग नासतात, अशा तीन तक्रारी त्यांनी केल्या. लोक हसले. या सरांना तर मुंगी चालली तरी त्रास होतो, असं म्हणाले.

मग तो दिवस उगवला. सकाळचे अकरा वाजले होते. मातीवालीने आठ नळ्या तोलून माझ्यात ठेवल्या. चार वर्षं ती त्या तळ्याचा गाळ काढत होती आणि हे तिचे शेवटचे आठ नमुने होते. माझा वेग चढला तशी ती शेजारच्या स्टुलावर बसून वहीत लिहू लागली. तेवढ्यात सर एक लांबलचक कागद घेऊन आत आले.

"मी भांडायला आलो नाही," ते टेबलाशी बसलेल्या मॅडमना म्हणाले. "मागच्या वर्षी या यंत्राची थरथर माझ्याकडे एकाच रेघेत यायची. आता तिच्या शेजारी दुसरी रेघ उगवलीये. दर आठवड्याला ती वाढतेय."

"म्हणजे काय?"

"आतलं काहीतरी सुटत चाललंय. हा रोटर किती वेळा फिरलाय?"

मॅडमनी संगणकात पाहिलं. तिथे फक्त तास होते. त्यांनी खणातून वही काढली. सहाशे बारानंतर पानं कोरी होती. त्यानंतरच्या फेऱ्या विचारायला त्यांनी एकेका विभागाला फोन लावला. रक्तवाल्यांनी आपल्या नोंदी चाळून दोनशे चाळीस सांगितले, पानवाल्यांनी तीनशे दहा. मातीवालीने स्वतःच्या वहीतल्या खुणा मोजल्या, एकशे सत्त्याऐंशी. कोऱ्या पानावर बेरीज करताना मॅडमचं पेन थांबलं. तेराशे एकोणपन्नास. औषधवाल्यांनी तर काही लिहूनच ठेवलं नव्हतं.

मी अजून पूर्ण वेगाने घुमत होतो.

"तू बाहेर जा," मॅडम मातीवालीला म्हणाल्या.

"माझे नमुने आत आहेत. चार वर्षं गेलीत त्यात."

"माहीत आहे मला. जा."

ती हलेना. सरांनी तिचा हात धरून तिला बोळात नेलं. मॅडमनी थांबवायचं बटण दाबलं आणि वेगाचा आकडा उतरतोय का, हे बघायला त्या क्षणभर उभ्या राहिल्या. आकडा उतरत होता. चीर थांबत नव्हती. त्या दाराबाहेर पाऊल टाकतात न टाकतात, तोच रोटरचे तीन तुकडे झाले.

ते मी फार वर्णन करून सांगणार नाही. माझ्या पोटाची जाड भिंत फाटली, झाकण छताला लागलं, खिडक्यांच्या काचा गेल्या. मातीवालीचं स्टूल समोरच्या भिंतीपाशी सापडलं. त्याचे पाय वळले होते. कोणाचा जीव गेला नाही. मॅडमना डाव्या कानाने मात्र ऐकू येईनासं झालं.

चौकशी समिती आली. 'यंत्र जुने झाल्याने अपघात घडला,' असं एका ओळीत लिहून गेली. मॅडमची बदली परीक्षा विभागात झाली. जाण्याआधी त्या एकदा माझ्यापाशी आल्या. वाकलेल्या झाकणावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "विचारायला मला दोन वर्षं उशीर झाला." मातीवाली पुन्हा तळ्यावर गेली. तिचा जुना गाळ अजून माझ्या फाटलेल्या पोटात वाळून चिकटलेला आहे.

माझ्या जागी नवीन यंत्र आलं. खोलीचं दार उघडं असलं की इथून मला ते दिसतं.

परवा मातीवाली नवे आठ नमुने बर्फात घालून आली. आता तिथे एक नवे साहेब बसतात. नळ्या बाहेर काढण्याआधी तिने त्यांना विचारलं, हा रोटर आत्तापर्यंत किती फेऱ्या फिरलाय.

"नवीन आहे हो. आठच महिने झालेत."

"मी महिने नाही विचारले."

साहेबांनी संगणकात पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. ते विभागांनाच माहीत असेल, असं म्हणाले. तिने एक कोरा कागद मागून घेतला, बोळात येऊन बर्फाचा डबा माझ्या झाकणावर ठेवला आणि जिना चढून वर गेली. एकेका दारावर थाप मारल्याचा आवाज मला खालपर्यंत ऐकू येत होता. बराच वेळ लागला. बर्फाचं पाणी होऊन माझ्या अंगावरून ओघळू लागलं, तरी तिचा कागद भरला नव्हता.

मित्रांनो, मला उद्या-परवा घेऊन जातील. तुम्ही मोठे व्हाल, मोठमोठ्या प्रयोगशाळांत जाल. सगळ्यांचं म्हणून जे असेल, ते तुमचंही आहे असं समजा. त्याला धुऊन ठेवा, त्याची नोंद ठेवा. आणि नोंद सापडली नाही तर झाकणाला हात लावू नका.

आत्ता आत नवीन यंत्र फिरतं आहे. आज सकाळपासूनची ही चौथी फेरी. त्याचा आवाज इथे बोळात अगदी सरळ, छान ऐकू येतो. खोलीतल्या माणसांना माझाही शेवटपर्यंत तसाच ऐकू यायचा.