गावाला जाण्याचा विमा

गिरणीच्या संपानंतर नंदकुमार धुरी दीड वर्ष घरी बसून होता. गिरणीत तो टाइमकीपर होता, पण गिरणीच उघडेना, तेव्हा टाइम कुणाचा लिहिणार? शेवटी त्याची बायको शुभा म्हणाली, "मुलुंडला विम्याचे एक साहेब आहेत, माझ्या मामेभावाच्या ओळखीचे. त्यांना भेटून ये. नाहीतर मी नोकरी बघते, तू भाकऱ्या थाप." नंदूनं एकदा परातीकडे बघितलं आणि मुलुंडला गेला.

साहेबांचं नाव चंद्रप्रकाश. नवे एजंट धरून आणायचे आणि कामाला लावायचे, हेच त्यांचं काम. त्यांनी नंदूला एक रेक्झिनची बॅग घ्यायला लावली आणि सांगितलं, "आधी नातेवाईक."

वर्षभरात नातेवाईक संपले. नंदू बारशाला आला की निम्मे पाहुणे गॅलरीत जाऊन उभे राहायचे. मग तो अनोळखी घरांत शिरू लागला आणि मालाडला एका दुकानदाराला म्हणाला, "समजा, उद्या तुम्ही मेलात." दुकानदाराची म्हातारी आई तिथेच बसली होती. तिनं मुलावरून मीठमोहऱ्या उतरवल्या आणि नंदूला चहा अर्धा सोडून उठावं लागलं.

चंद्रप्रकाशांनी कपाळाला हात लावला. "अहो धुरी, मेलात कसलं म्हणता? सौम्य बोलायचं. 'गावाला गेलात' म्हणा. कळतं सगळ्यांना."

आणि कळायचंही. बोरिवलीचे, मुलुंडचे ऑफिसात जाणारे लोक समजून मान हलवायचे, सही करायचे. नंदूला शब्दाची सवयच लागली. घरीसुद्धा वर्तमानपत्र वाचताना तो शुभाला सांगू लागला, अमुक पुढारी गावाला गेला.

अशातच घाटकोपरच्या भटवाडीतून गुणाजी राण्यांचा निरोप आला. गुणाजी विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर, मूळ कुडाळकडचा. रविवारी नंदू पोचला तेव्हा गुणाजी मासे आणायला बाजारात गेला होता. घरात त्याची बायको सुगंधा एकटीच तांदूळ निवडत होती.

"बसा," ती म्हणाली. "कसलं काम होतं?"

"राणेंनीच बोलावलंय, वहिनी. तुमचीच सोय करायची आहे." नंदूनं बॅग उघडली. "समजा, राणे अचानक गावाला गेले."

"गणपतीला जाणारच आहेत."

"तसं नाही. गेले आणि परत आलेच नाहीत."

सुगंधाचा हात सुपात थांबला. गुणाजीच्या गावात विमला नावाची एक बाई होती. लग्नाआधी गुणाजीसाठी तिचंच स्थळ सांगून आलं होतं आणि ती आता विधवा होऊन माहेरी परतली होती. हे नंदूला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"परत का नाही येणार?"

"तिथून कुणी परत येतं का, वहिनी? पण तुम्ही काळजी करू नका. ते गेल्यावर तुम्हाला एकरकमी पैसे मिळतील."

"म्हणजे मला पैसे देऊन हे जाणार."

"अगदी बरोबर," नंदू खूश होऊन म्हणाला. इतक्या लवकर कुणाला समजत नसे.

"जायच्या आधी मला सांगतील तरी?"

"ते कुणालाच आधी कळत नाही. कित्येक जण रात्री जेवून झोपतात आणि सकाळी बघावं तर गेलेले."

"एकटेच जाणार?"

"एकट्यानंच जावं लागतं. आणि अपघातानं गावाला गेले, तर पैसे दुप्पट."

"अपघातानं गावाला कसा जाईल माणूस?"

"एस.टी.नं," नंदू म्हणाला. "ट्रकनं. कशानंही."

सुगंधा उठली. तिनं सूप कोपऱ्यात ठेवलं आणि दार उघडं करून त्याला म्हणाली, "या तुम्ही."

आठवडाभरानं गुणाजी स्वतः नंदूच्या दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"काय सांगितलंस रे माझ्या बायकोला? माझी बॅग लपवली. गणपतीची तिकिटं परत करून आली. भावाला बोलावून दारात झोपवलाय, मी संडासला गेलो तरी तो मागून येतो. विचारलं तर म्हणते, तुमच्या एजंटाला विचारा."

नंदूला काही उमगेना. त्यानं आपण काय बोललो ते एकेक वाक्य आठवून सांगितलं. आतून शुभा ऐकत होती. ती पदर तोंडाला लावून हसत बाहेर आली. "अरे, ते भटवाडीत राहतात, सगळे कोकणातले. तिथे गावाला जाणं म्हणजे गावाला जाणं. ऊठ, आत्ताच्या आत्ता जा आणि तिला नीट सांग."

"नीट म्हणजे?"

"म्हणजे मरण म्हण."

भटवाडीपर्यंत नंदू गुणाजीबरोबर मनातल्या मनात तो शब्द घोकत गेला. सुगंधा दारातच बसली होती, शेजारी तिचा भाऊ. नंदूला मालाडची म्हातारी आठवली. तो जरा लांबच उभा राहिला.

"वहिनी, राणे कुठेही जाणार नाहीत. मी त्या दिवशी... राणे मेले तर, असं म्हणत होतो. मेले तर तुम्हाला पैसे मिळतील. एस.टी.खाली मेले तर दुप्पट."

गुणाजीनं घसा खाकरला. सुगंधानं नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तिचा चेहरा हळूहळू सैल पडला.

"इतकाच?" ती म्हणाली. "मरतले? तां काय, सगळेच मरतत. माका वाटला गावाक जातले." मग भावाकडे वळून म्हणाली, "जा रे, चाय ठेव."

"अगं, मी मेलो तर चालेल तुला?" गुणाजीनं विचारलं.

"सही करा आधी," सुगंधा म्हणाली.

गुणाजीनं मुकाट्यानं सही केली. त्या वर्षी गणपतीला दोघं बरोबरच गेले. परतल्यावर सुगंधानं नंदूला भटवाडीतली घरं एकामागून एक दाखवली. दारातूनच सांगायची, "ह्यो मरणाचा सरळ सांगता. आत घ्या." नंदू सरळ सांगायचा आणि बायका सरळ ऐकायच्या. पुरुष मात्र अस्वस्थ होऊन तंबाखू मळत राहायचे.

हळूहळू लोक त्याला इतरही विचारू लागले. पैसे पोस्टात ठेवू की युनिट ट्रस्टचं युनिट घेऊ, मुलीच्या लग्नासाठी फंड मोडू का, गिरणीची देणी कधी मिळतील. शेवटचं त्यालाही सांगता येत नसे, कारण त्याची स्वतःचीच मिळाली नव्हती. अठ्ठ्याऐंशी साली त्यानं आपल्या चाळीच्या जिन्याखाली टेबल टाकलं. 'गुंतवणूक सल्लागार' अशी पाटी रंगवून घेतली. रंगाऱ्यानं 'गुतवणूक' लिहिलं. शुभानं काजळानं वर टिंब दिलं आणि ते तसंच राहिलं.

सुगंधा दर तीन महिन्यांनी हप्ता भरायला स्वतः यायची. खुर्चीत बसायची, घाम पुसायची.

"राणे कसे आहेत?" नंदू विचारायचा.

"आहेत अजून," ती म्हणायची. "घरातच आहेत."