काकांची हरकत

काका वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचत. पहिल्या पानावरच्या भांडणात आपल्याला कोणी बोलावलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. मागच्या पानावर मात्र जाहीर सूचना असत. कोणाचं प्रमाणपत्र हरवलेलं, कोणाला दुकान विकायचंय, कोणी नाव बदललंय. काका त्या चवीने वाचत आणि चहाच्या घोटागणिक शेरा मारत.

"ऐकलंस का? या गृहस्थाने नाव, आडनाव सगळंच बदललं. सासुरवाडीपासून लपत असणार."

"त्यांचं त्यांना ठाऊक," त्यांची बायको इस्त्री करता करता म्हणाली. एरवी ती हसायची. आज तिने शर्टाची एकच बाही तिसऱ्यांदा दाबली.

पुढची सूचना वाचताना काकांना ठसका लागला. लिहिलं होतं की खाली सही करणारा सज्ञान माणूस आपलं आडनाव बदलू इच्छितो, आणि कोणाची हरकत असल्यास त्याने नोंदणी कार्यालयाला लेखी कळवावं. जुनं आडनाव होतं काकांच्या कामातल्या जोडीदाराचं. नवं आडनाव होतं खुद्द काकांचं. आणि सही करणारा, आपला टिल्लू.

हा टिल्लू म्हणजे जोडीदाराचा मुलगा, दारातून आत येताना मान वाकवावी लागणारा तिशीचा दांडगा गडी. लहानपणी चिटुकला होता तेव्हा जोडीदाराने त्याला टिल्लू म्हटलं, आणि अंगाने वाढला तरी हाकेने वाढला नाही. काका आणि जोडीदार दोघे मिळून लिफ्ट दुरुस्त करत. एक वर मोटारखोलीत, एक खाली लिफ्टच्या छतावर. टिल्लू शाळेत जायच्या आधीच जोडीदार आजारपणात गेला. काका घरी मदतीला जात राहिले, नळ दुरुस्त करून देत, टिल्लूला खांद्यावर घेऊन हिंडत, आणि पुढे टिल्लूच्या आईशी रीतसर लग्न करून त्याच घरचे झाले. टिल्लू त्यांना आधीपासून काका म्हणायचा, तेच राहिलं. आता टिल्लू त्यांच्याच हाताखाली शिकून लिफ्टच्या कामात तयार झाला होता, आणि सूनबाईंना दिवस गेले होते.

"तुला माहीत होतं?" काकांनी विचारलं.

"मला सगळं आधी कळतं. मी कोणाला सांगत नाही ना, म्हणून."

"मला तरी सांगायचंस!"

"तुम्हाला आनंद होईल असं वाटलं होतं पोराला. बाळ यायच्या आत काम उरकायचंय त्याला, म्हणजे बाळालाही तेच आडनाव लागेल."

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. आनंद झाला नव्हता असं नाही. छातीत काहीतरी टुणकन उडालं होतं. पण त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी जड होऊन बसलं. जोडीदाराचं घर आपल्याला मिळालं, त्याची माणसं मिळाली, त्याचा पाना अजून आपल्या पिशवीत आहे. आता त्याचं आडनावही पुसायचं? म्हणजे तो होता हे कोणाला कळणार? नाही. एवढं तरी त्याचं त्याच्यापाशी राहू दे.

त्यांनी चपला घातल्या. "जाऊन येतो."

"कुठे?"

"हरकत घ्यायला."

नोंदणी कार्यालयातल्या कारकून बाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर आणला आणि काकांकडे असं पाहिलं, जणू कोणी हत्तीचा परवाना मागितलाय.

"हरकत? नाव बदलायला? माझ्या नोकरीत आजवर कोणी घेतली नाही हो."

"मग आज घेतोय. त्याने मला विचारलंच नाही."

"विचारायची गरजच नाही, काका. हे बघा." बाई शांत स्वभावाच्या होत्या, आणि समोरच्याला नीट कळलं की त्यांना बरं वाटे. "माणूस सज्ञान झाला की स्वतःच्या नावाचा मालक तो स्वतः. आईबापाची, बायकोची, कोणाचीच परवानगी लागत नाही. अर्ज करायचा. अधिकाऱ्यासमोर शपथेवर सांगायचं की हे मी माझ्या खुशीने करतोय, कोणाला फसवायला नाही. मग वर्तमानपत्रात सूचना द्यायची. सगळं ठीक असेल तर हुकूम निघतो, राजपत्रात छापून येतो, आणि तो हुकूम घेऊन बँकेपासून वाहन परवान्यापर्यंत सगळीकडे हिंडून कागद बदलून घ्यायचे. झालं."

"आणि सूचना कशाला देतात मग? शोभेला?"

"म्हणजे कोणी कर्ज बुडवायला किंवा पोलिसांना गुंगारा द्यायला नाव बदलत असेल, तर ज्याचं नुकसान होणार तो बोलू शकेल. तुमची हरकत यातली कुठली?"

"वेगळी आहे."

"वेगळी असा रकाना नाही कागदावर."

"मग फसवणूक लिहा."

"कोणाची फसवणूक?"

काकांनी बराच विचार केला. "त्याची स्वतःचीच," ते म्हणाले. बाईंनी हसू दाबत तसं लिहून घेतलं आणि पुढच्या आठवड्यातली सुनावणीची तारीख दिली.

काका आणि टिल्लू यांनी अबोला धरला असता, पण लिफ्टच्या कामात अबोला चालत नाही. एका जुन्या इमारतीची लिफ्ट मधल्या मजल्यांवर हिसका देत होती. काका गच्चीवरच्या मोटारखोलीत, टिल्लू खाली लिफ्टच्या छतावर दोरखंड तपासत. दोघांमध्ये अंधारी उभी विहीर, आणि बोलायचं तर ओरडूनच.

"सावकाश खाली घे!" काका ओरडले.

"घेतोय! की त्यालाही हरकत आहे?"

"तोंड बंद ठेव आणि दोरखंडाकडे बघ!"

"तोंड बंद ठेवलं तर तुम्हाला कळणार कसं, कुठवर आलोय ते? थांबा! इथे एक दोर ढिला आहे."

"ढिला दोर दिसतो, बापाचं नाव दिसत नाही!"

"बापाच्या नावाला काय झालंय?"

"तू ते टाकतोयस!"

"टाकत नाहीये!"

"मग वर्तमानपत्रात काय छापलंय? पाककृती?"

लिफ्टच्या विहिरीत आवाज फार छान घुमतो. एकेका मजल्यावरची दारं किलकिली होऊ लागली. एका आजोबांनी तर स्टूल आणून दारात मांडलं.

"काका," टिल्लूचा आवाज वर आला, जरा खालच्या पट्टीत, "उद्या माझं पोर शाळेत जाईल. विचारतील, आजोबांचं आडनाव काय. ते एक सांगेल, दारावरच्या पाटीवर दुसरंच असेल. मला ते नकोय. मला त्याचे आजोबा तुम्ही हवे आहात."

वर काकांनी मोटारीच्या थंड लोखंडावर हात ठेवला.

"आणि माझा जोडीदार?" ते शेवटी म्हणाले. "तो कोण मग? पाहुणा?"

टिल्लू खाली दोर ताणू लागला. मधल्या मजल्यावरून मात्र एक खणखणीत बायकी आवाज आला, "अहो वरचे, घेऊ द्या की पोराला नाव! आमची लिफ्ट कधी चालू होणार?"

"बाई, तुम्ही आत जा!" वरून आणि खालून एकदमच उत्तर आलं. दोर ताणून झाला तेव्हा लिफ्ट लोण्यासारखी सरकू लागली, पण वरचा आणि खालचा काही जवळ आले नाहीत. परतताना गाडीत पिशवीतले पानेच काय ते वाजत होते.

सुनावणीच्या दिवशी चौघेही एकाच गाडीतून कार्यालयात गेले. गाडी एकच होती, इलाज नव्हता. सूनबाई मागे पाय पसरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हरकतवाले पुढे बसा, अर्जवाले चालवा, आणि कोणी जोरात वळण घेऊ नका."

अधिकारी बाई वयाने लहान आणि नजरेने मोठ्या होत्या. त्यांनी काकांचा कागद दोनदा वाचला.

"काका, अर्जदाराने कोणाची उधारी बुडवलीय?"

"कोणी म्हटलं?" काका खुर्चीत ताठ झाले. "त्याने शेजाऱ्याची शिडीसुद्धा पुसून परत केलीय!"

"पोलिसांत काही भानगड?"

"बाई, शब्द जपून वापरा. एकदा गेला होता पोलिसांत. कोणाचं तरी पाकीट सापडलं ते द्यायला."

"खोटं बोलतो?"

"त्याला येतच नाही. लहानपणी साखर खाल्ली की आधी येऊन सांगायचा, मी आता साखर खाणार आहे म्हणून."

"घरच्यांकडे दुर्लक्ष?"

"दुर्लक्ष? माझा गुडघा दुखायला लागल्यापासून हा मला लिफ्टच्या खड्ड्यात उतरू देत नाही. खालची सगळी कामं स्वतः घेतो, आणि वर मलाच सांगतो की मोटारखोलीत तुमच्यासारखा हात कोणाचा चालत नाही. मला कळत नाही असं वाटतं त्याला!"

अधिकारी बाईंनी लेखणी खाली ठेवली. "काका, तुम्ही हरकत घ्यायला आलात की शिफारस करायला?"

कोपऱ्यातून कारकून बाईंना खोकल्याची उबळ आली. टिल्लू छताकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

काकांना आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "बाई, याचा बाप माझा जोडीदार होता. त्याच्या मागे जे काही होतं ते सगळं माझ्या ओंजळीत आलं. नाव तेवढं उरलंय त्याचं. तेही मी घेतलं तर मी कसला मित्र?"

अधिकारी बाई टिल्लूकडे वळल्या. "तुम्हाला वडिलांबद्दल काही राग?"

"छे! मला बाबा आठवत नाहीत हो." टिल्लू अवघडून उभा राहिला. "पण ते शिट्टी वाजवत काम करायचे, उंचीला घाबरायचे तरी लिफ्टच्या छतावर उभे राहायचे आणि सारखे खाली न बघता वर बघायचे, हे मला ठाऊक आहे. सगळं यांनीच सांगितलंय. झोपवताना दुसऱ्या गोष्टीच नव्हत्या यांच्याकडे. मला बाबा मिळाले तेसुद्धा यांच्याकडून. आडनाव बदललं म्हणून ते कुठे जातील?"

काका चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"मी बोलू का?" टिल्लूच्या आईने विचारलं.

"आपण कोण?"

"या दोघांना जेवायला घालते." मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, तुमच्या जोडीदाराला स्वतःचं आडनाव आवडायचं का, ते सांगा बरं या बाईंना."

काकांनी मान वर केली. "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! त्यांच्याशी लग्न झालं तेव्हा माझ्या घरच्यांनी ते आडनाव दोनदा विचारून घेतलं, आणि तिसऱ्यांदा हसले. ते स्वतः किती वेळा म्हणायचे, बदलून टाकतो एकदाचं. कार्यालयात यायचा कंटाळा, दुसरं काय!"

काका तोंड उघडून बसले. आणि मग इतक्या वर्षांनी त्यांना जोडीदार दिसला. रोज मनात दिसायचा तो फोटोतला, भांग पाडलेला, गंभीर चेहऱ्याचा जोडीदार नव्हे. खरा, ग्रीस लागलेल्या नाकाचा, लिफ्टच्या छतावर उभा राहून वर तोंड करून ओरडणारा: 'अरे, माझ्या नावाची हाक इमारतीत मारू नकोस, लोक दारं उघडून हसतात! तुझंच आडनाव दे मला उसनं!' असं म्हणायचा तो. कितीदा म्हणायचा! आणि आपण हे विसरलो कसे? गेलेल्या माणसाला आपण उगीच शहाणासुरता करून ठेवतो.

आधी त्यांचे खांदे हलले. मग पोट. मग ते डोळे पुसत इतके हसले की सूनबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

"काय झालं?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"बाई, हरकत मागे घ्यायची तर कुठे सही करायची?"

"माझ्याकडे तसा कागदच नाही," कारकून बाई गडबडल्या. "आजवर कोणी घेतली असती तर मागे घेतली असती ना!"

कोऱ्या कागदावर काम भागलं. बाहेर पडताना काकांनी टिल्लूच्या पाठीत एक दणका घातला. "मला आधी विचारलं का नाहीस रे?"

"नाही म्हणाला असतात."

"म्हणालो असतो," काकांनी कबूल केलं.

हुकूम आला, राजपत्रात छापून आला, आणि मग कागद बदलण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. एकट्याने जाऊन भागलं असतं, पण काका प्रत्येक खिडकीशी टिल्लूबरोबर उभे. कधी बँक, कधी वाहन परवाना, कधी विजेचं कार्यालय. प्रत्येक ठिकाणी आतला माणूस तोच प्रश्न विचारायचा, "आधीचं आडनाव काय?"

टिल्लूने तोंड उघडायच्या आत काका खिडकीवर कोपर टेकून सुरू होत. "सांगतो. पण हसायचं नाही. आमचा एक जोडीदार होता, उंचीला घाबरणारा लिफ्टवाला..."

मग ते आडनाव येई, खिडकीतला माणूस हसे, आणि काका त्याच्याहून जोरात हसत. मागे रांग वाढत जाई. टिल्लू शरमून म्हणे, "काका, लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. अजून तो छतावर शिट्टी वाजवतोय, लिफ्ट सुरूच झालेली नाही."

विजेच्या कार्यालयात मागचा एक माणूस घड्याळ बघून कुरकुरला. त्याच्या पुढच्या बाईने त्याला गप्प केलं, आणि रांग सोडून दोन पावलं पुढे येत विचारलं, "मग? उतरला का तो खाली?"