चौथं शील

पाचही मेणबत्त्या एकाच पाकिटातल्या होत्या, पण खिडकीकडची मेणबत्ती दर रविवारी इतरांपेक्षा बोटभर जास्त जळायची. वारा लागतो, मेण एका बाजूने ओघळतं, हे मैत्रेयीने लहानांना दाखवलं होतं. तेव्हापासून मुलं वंदनेआधी मेणबत्त्यांच्या जागा बदलून बघायची.

द्वारकेतल्या सोसायटीच्या हॉलमध्ये हा धम्मवर्ग तिचे बाबा, शशिकांत, घ्यायचे. "मी सांगतो म्हणून मानू नका, तपासा," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्या वाक्यानेच आपल्या मुलीला भौतिकशास्त्राचं वेड लावलं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. बारावीनंतर ती डॉक्टर होणार, हे घरात कधीचंच ठरलं होतं.

मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरायला आता मंगळवारपर्यंतच मुदत होती. तीन आठवड्यांपूर्वी बाबांनी विचारलं होतं, "फॉर्म भरलास ना?" तिने मान हलवली होती. आपण तोंडाने काही बोललो नाही, म्हणजे खोटं बोललो नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पण तेव्हापासून बाबांच्या मागोमाग पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं, की तिचे नुसते ओठ हलायचे.

आज शेजारी सात वर्षांची कादंबरी बसली होती. पंचशील संपताच ती म्हणाली, "सर, ताईने चौथं म्हटलंच नाही. मागच्या संडेलाही नाही. मी चेक केलंय."

"तू शील घेतेस की ताईची हजेरी?" बाबा म्हणाले.

"तुम्हीच सांगता ना, तपासा."

मुलं खिदळली. बाबाही हसले. "अच्छा, म्हणजे मीच सापडलो. मैत्रेयी, घसा बसलाय का? चल, म्हण एकदा."

घसा बसलाय म्हणणं सोपं होतं. त्यासाठी पुन्हा मान हलवली तरी भागलं असतं. मैत्रेयीने हात जोडले, चौथ्या शीलाचा पहिला शब्द उच्चारला आणि ती थांबली. कादंबरी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

तिने हात खाली घेतले.

"बाबा, मी फॉर्म भरलेला नाही. भरणारही नाही. मला फिजिक्स शिकायचंय, आणि मग शिकवायचंय."