पाच फेऱ्या, एक खोली

तात्या म्हणजे काही म्हातारा नव्हे. चव्वेचाळिशीचाच, पण कॉलेजच्या सहलीत बसमधली डोकी मोजत फिरायचा, म्हणून नाव पडलं ते पडलंच. अकरा महिने घरी बसून होता. ही प्रोग्राम मॅनेजरची नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर पहिल्या तारखेपासून मेहुण्याच्या फरशीच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं. मेहुणा माणूस चांगला. पण केलेले उपकार चारचौघांत सांगायची त्याला भारी हौस, आणि तात्याला तेच नको होतं.

प्रोग्राम मॅनेजरचं काम काय, तर पाच दिशांना पळणाऱ्या माणसांना एका वेळी एका ठिकाणी आणायचं. हुकूम सोडायची सोय नाही, कारण कुणीच त्याच्या हाताखालचं नसतं.

असा माणूस शोधणाऱ्या त्या बड्या कंपनीचा कारभार बघा. मुलाखतीच्या फेऱ्या पाच, घेणारे पाच, आणि पाचही जणांनी एकच खोली दहा वाजताची धरलेली. पहिला कोण हे ठरवायची तसदी कुणी घेतलीच नव्हती. त्यात खोलीत आधीच भलतीच मीटिंग चाललेली. दारात हे पाच विद्वान मोबाइलमध्ये डोकं घालून उभे, आणि वेळापत्रक सांभाळणारी बाई फोनवर कुणाची तरी माफी मागत होती.

दहा मिनिटं तात्यानं कळ काढली. मग राहवेना. प्रिंटरमधला एक कागद ओढून त्यानं प्रत्येकाला विचारलं, "तुम्हाला कितीपर्यंत थांबता येईल?" मोबाइलमधून मान वर न करताच त्यांनी सांगितलं: एकाला विमान गाठायचं होतं, एकीला मुलीला शाळेतून आणायचं होतं. त्याप्रमाणे क्रम लावला. खोलीचं सफाईवाल्या मावशींना विचारलं.

"चौथ्या मजल्यावरची कोपऱ्यातली घ्या," मावशी म्हणाल्या. "रोज बुक असते, येत कुत्रंही नाही."

दोनच्या आत पाचही फेऱ्या उरकल्या. तात्यानं कागद त्या बाईच्या टेबलावर ठेवला, तिनं हात जोडले.

पाचही जणांनी घोळवून घोळवून एकच विचारलं होतं: हाताखाली नसलेल्या माणसांकडून काम करून घेतल्याचा प्रसंग सांगा. तात्यानं जुन्या कंपनीतले सांगितले. सकाळचा नाही सांगितला. आपल्याच तोंडानं आपली लाल कशाला करायची, यांनी डोळ्यांनी पाहिलंय की!

कसलं पाहतात. आठवड्यानं त्या बाईचाच फोन आला.

"तुमचं नाही झालं. अधिकाराशिवाय माणसं हलवल्याचा अनुभव कमी वाटला, असं लिहिलंय." ती जरा अडखळली. "आणि त्या दिवशीची व्यवस्था मीच केली असं वाटलं त्यांना. ती जागा मला दिली."

तात्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या पाच दीडशहाण्यांचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःच्या भिडस्तपणाचा.

"तुम्ही त्यांना सांगायचंत ना," ती म्हणाली.

"तुम्ही सांगितलंत?"

मग तिनं हळूच विचारलं, चौथ्या मजल्यावरची ती खोली नेमकी कुठली. उद्या तिची पहिली मीटिंग होती.

तात्यानं तिला खोलीचा नंबर सांगितला.