पापण्या सोडवणारा चिमटा

मी एक जुना चिमटा आहे, मित्रांनो, आणि माझं एक टोक वाकलेलं आहे. स्वयंपाकघरातल्या दांडगट चिमट्याशी माझं नातं जोडू नका. मी जेमतेम तुमच्या पेन्सिलीएवढा, आणि माझी टोकं सुईसारखी.

कारखान्यात पोलादाच्या पट्टीतून मला कापलं, घासलं, चकाकवलं. शेवटी एका कामगारानं मला दिव्यासमोर धरून दाबलं. मिटलेल्या टोकांमधून उजेड दिसला, तर तो चिमटा भंगारात जातो. माझ्यातून दिसला नाही. ती माझी पहिली शाबासकी.

तिथून मी एका मोठ्या पार्लरमध्ये आलो. माझी मालकीण तिथे लोकांच्या पापण्या लांब आणि दाट करायची. त्याला लॅश एक्स्टेंशन म्हणतात. वाकड्या मानेचा माझा जोडीदार चिमटा एक कृत्रिम केस उचलून गोंदात टेकवायचा, आणि मी मिटल्या पापणीतला एकच खरा केस इतरांपासून वेगळा धरायचो. दोन केस एकमेकांना चिकटले की वाढताना एकमेकांना ओढतात, आणि डोळा ठणकतो. म्हणून मी कधी काही चिकटवलं नाही. वेगळं ठेवणं हेच माझं काम. मालकीण प्रत्येक वेळी मला धुऊन, औषधाच्या पाण्यात बुडवून, कोरडं करून टोपीत ठेवायची. पार्लरच्या मॅडम म्हणायच्या, "हिचा चिमटा बघा आणि मग तुमचे बघा."

मालकिणीची छकुली तेव्हा अडीच वर्षांची होती. दिवसभर ती शेजारणीकडे असे. फोन वाजला की मालकिणीच्या बोटांतून एक बारीकशी कळ माझ्यापर्यंत यायची. पडली असेल का, रडत असेल का. घराजवळ स्वतःचा स्टुडिओ असावा, हे तिच्या मनानं घेतलं ते त्यामुळे. तिनं एक वही केली. परवाना कुठून काढायचा, दिवा कसा हवा, हात धुवायला बेसिन किती जवळ, कुणाच्या डोळ्याला गोंद सोसतो हे दोन दिवस आधी कसं तपासायचं, सगळं त्यात होतं. मला वाटायचं, या वहीतून काहीच सुटलेलं नाही.

तिच्या थोरल्या नणंदेचं गल्लीच्या टोकाला शिवणकामाचं दुकान होतं. एक मोठी खोली, मध्ये पडदा, पुढची अर्धी बाजू रिकामी. नणंदबाई फटकळ. मालकीण सारखी हात धुते म्हणून त्या तिला डॉक्टरीणबाई म्हणायच्या.

"किल्ली हवी ना?" त्या म्हणाल्या. "मग आधी माझ्या डोळ्यांवर करून दाखव. गिऱ्हाइकाला आंधळं करण्यापेक्षा घरातलंच कुणी झालेलं बरं."

"ताई, असं बोलू नका हो," मालकीण म्हणाली. त्या रात्री तिला झोप लागली नसणार, कारण दुसऱ्या दिवशी तिनं मला दोनदा निर्जंतुक केलं.

ताईंवर गोंदाची चाचणी तिनं पार्लरमध्येच घेतली. दोन दिवस वाट पाहिली. खाज नाही, लाली नाही. मग ठरल्या सकाळी ती दुकानात आली आणि कामाला लागली. ताईंना जागा चकचकीत दिसावी म्हणून लादी दोनदा पुसली. रस्त्याची धूळ नको म्हणून खिडकी घट्ट लावली. पडद्यामागे नणंदबाई कुणाचा तरी कोट वाफेच्या इस्त्रीनं दाबत होत्या. फुस्स, फुस्स. तो संपवून त्या येऊन कलत्या खुर्चीवर आडव्या झाल्या.

"काय ते कर. पण बोलत राहा, नाहीतर मी घोरेन."

खालच्या पापण्या झाकायला मालकिणीनं डोळ्यांखाली जेलच्या पट्ट्या लावल्या आणि काम सुरू झालं. पार्लरमध्ये गोंदाचा थेंब वीस मिनिटं ओला राहायचा. इथे पाचव्या मिनिटाला त्यावर साय धरली. तिनं थेंब बदलला. तोही आळला. तिनं पुन्हा बदलला आणि हात जरा भरभर चालवला. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडलो असतो. पार्लरच्या भिंतीवर हवेतला ओलावा दाखवणारं एक काट्याचं यंत्र होतं. हा गोंद ओलाव्यानंच घट्ट होतो. इथे भिंत मोकळी होती, आणि वहीत त्या यंत्राचं नावच नव्हतं. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू लिहून ठेवायचं कुणाला सुचतं?

"झालं, ताई. हळूच उघडा."

डावा डोळा उघडला. उजवा उघडला नाही.

"अगं, हा चिकटलाय."

"मिटा. दोन्ही मिटा. ओढू नका." तिचा आवाज अगदी खाली गेला.

दमट हवेनं पट्टीची कड सुटली होती, आणि खालचे तीन केस वर सरकून गोंदात सापडले होते.

"रडू येतंय मला," नणंदबाई म्हणाल्या. त्या कधी रडत नसत.

"नका रडू, ताई. पाणी लागलं तर गोंद आणखी घट्ट होईल आणि झोंबेल. माझा हात धरा. नको, खुर्ची धरा, हात मला कामाला लागेल."

पडद्यामागून आवाज आला. फुस्स.

मालकीण थबकली. "इस्त्री चालू आहे?"

"राहिली वाटतं. का?"

तिनं आधी जाऊन ती वाफ सोडणारी इस्त्री बंद केली, खिडकी सताड उघडली, हात धुतले. गोंद सोडवणारं दाट मलम बारीक कुंचल्यानं फक्त त्या तीन केसांवर ठेवलं आणि थांबली. ते थांबणं मी विसरणार नाही. तिची नाडी माझ्या पोलादात ठकठक करत होती. मग तिनं मला आत सरकवलं. पहिला केस सुटला. दुसरा सुटला. तिसरा हलेना. घाई केली असती तर तो मुळासकट आला असता. तिनं मला मागे घेतलं, पुन्हा मलम लावलं, पुन्हा थांबली. 

तिसरा सुटला. मलम नीट पुसून डोळा धुतला.

"दिसतंय का, ताई?"

"दिसतंय. तुझं तोंड पांढरंफटक दिसतंय."

तेव्हा कुठे तिची बोटं सैल पडली आणि मी निसटलो. टोकावर. त्याच चकचकीत लादीवर.

दुपारी दोघी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. थोडी लाली होती, बाकी डोळा ठीक होता. परतल्यावर नणंदबाईंनी किल्ली पुढे केली. "घे. पळून न जाता सोडवलंस, मला तेवढं पुरे."

मालकिणीनं किल्ली परत त्यांच्या मुठीत ठेवली. "आत्ता नको, ताई. मी जागा नुसती पुसली. पाहिली नाही."

मग तिनं मला दिव्यासमोर धरलं. टोकांमधून उजेड दिसत होता.

"दाब ना जरा पकडीनं, होईल सरळ," नणंदबाई म्हणाल्या.

"सरळ दिसेल. पण डोळ्याजवळ न्यायचा नाही आता."

तिनं मला स्वच्छ धुतलं, टोपी घातली आणि खणात ठेवलं. चार महिने मी अंधारात होतो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग एके दिवशी तोच खण उचलून नव्या टेबलाला बसवला, आणि उघड्या फटीतून मला ती खोली दिसली. इस्त्री मागच्या अंगणात गेली होती. वर हवा ओढणारा पंखा होता. भिंतीवर काट्याचं यंत्र टांगलं होतं. कोपऱ्यात छकुली चित्र रंगवत होती. नणंदबाई येऊन आडव्या झाल्या.

"कर सुरू, डॉक्टरीणबाई. थांब, आधी तो काटा किती दाखवतोय ते सांग."

तिनं सांगितलं. मग नव्या चिमट्याची टोपी काढली, तो दिव्यासमोर धरला आणि मिटला. उजेड दिसला नाही.

मित्रांनो, मला खणात ठेवलं म्हणून मी रुसलेलो नाही. कुणाच्या डोळ्याजवळ जाणारी वस्तू तुम्ही हातात घेतलीत, तर आधी ती उजेडात धरून पाहा. ज्या खोलीत बसणार, तिथली हवाही पाहा. आणि वस्तू कितीही लाडकी असली, तरी तिचं टोक वाकलं असेल तर तिला धुऊन, टोपी घालून बाजूला ठेवा. मला तसंच ठेवलंय. अजून मला गंज नाही.