आर्व्हिलाच्या घरचा टेलिप्रिंटर

मित्रांनो, तळघरात जिन्याखाली जुन्या चादरीने झाकलेलं जे धूड दिसतंय ना, तो मी. मी एक म्हातारा टेलिप्रिंटर आहे, तारेतून येणारी अक्षरं कागदावर उमटवणारं यंत्र. मला हलवायचं म्हटलं की भलेभले कंबर धरून बसतात.

ऐन उमेदीची पंधरा वर्षं मी अमेरिकेत, ओहायोतल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत काढली. निवडणुका, वादळं, चंद्रावर उतरलेली माणसं, सारं माझ्या कागदावरून गेलं. जगात आपल्याइतकं कुणालाच काही ठाऊक नाही असं मला वाटायचं. फार शेफारलो होतो! मग वेगवान यंत्रं आली आणि माझी रवानगी गोदामात झाली. दोन वर्षं मी धूळ खाल्ली. उंदरांनी माझ्या पोटात बिऱ्हाड थाटलं.

तिथून मला सोडवलं डेल्बर्ट स्ट्रंकने. तो आमच्याच छापखान्यात अक्षरं जुळवायचा. जन्मापासून बहिरा. तिथे त्याच्यासारखे आणखी सहा जण होते. ज्या खडखडाटाने इतरांची डोकी उठायची, त्याचा त्यांना काडीचा त्रास नव्हता. त्यांची हातांची भाषा रोज पाहून पाहून मलाही समजू लागली होती. एका शनिवारी डेल्बर्ट आणि त्या सहांतलाच त्याचा दोस्त क्लाइड यांनी मला ट्रकमध्ये घातलं आणि डेल्बर्टच्या घरी आणलं. तळघराचा जिना उतरताना क्लाइडने मला भिंतीला टेकवलं, हात मोकळे केले आणि खुणांनी म्हणाला, "हे तर तुझ्या सासूपेक्षा जड आहे रे!"

"सासू परवडली," डेल्बर्टचे हात म्हणाले. "ती निदान लांब आयोवात असते."

महिनाभर त्याने मला तेलपाणी केलं. माझ्या पाठीवर तळहात ठेवून तो डोळे मिटायचा आणि कुठला दात अडखळतोय ते त्याला हातालाच कळायचं. कचेरीतल्या ऐकू येणाऱ्या कारागिरांना ते कधी जमलं नव्हतं. मग त्याने माझ्याशेजारी एक छोटी पेटी ठेवली. तिच्यावर फोनचा रिसीव्हर पालथा ठेवला की माझी अक्षरं फोनच्या तारेतून धावत सुटायची आणि दुसऱ्या घरातल्या यंत्रावर उमटायची. क्लाइडनेही असंच एक यंत्र मिळवलं. दोघे तासन्‌तास एकमेकांची टर उडवत बसायचे. आपलं बोलून झालं की शेवटी 'आता तू' असं टाइप करायचं, म्हणजे समोरच्याची पाळी.

पण ज्याच्या घरी यंत्र नाही, त्याच्याशी बोलायचं कसं? डेल्बर्टची बायको आर्व्हिला हिला हाच प्रश्न छळत होता. ती चार वर्षांची असताना तापाने तिचे कान गेले. तिची आई हेस्टर आयोवात शेतावर एकटी राहायची. हातांची भाषा शिकवलीत तर पोर कधीच बोलणार नाही, असं बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेतल्या मास्तरांनी तेव्हा हेस्टरला बजावलं होतं, म्हणून हेस्टर ती भाषा कधी शिकलीच नाही. मायलेकींमध्ये होती ती फक्त पत्रं. त्या वर्षी ती चार ओळींवर आली. अक्षर थरथरू लागलं. 'मी ठणठणीत आहे. रस्ते खराब आहेत, येऊ नकोस.'

"आई काहीतरी लपवतेय," आर्व्हिला खुणांनी म्हणाली.

"शेजारणीला सांग ना फोन करायला," डेल्बर्ट म्हणाला.

"म्हणजे माझ्या आईचं दुखणं आधी तिने ऐकायचं, आणि मला काय? 'बऱ्या आहेत' एवढंच! जन्मभर हेच चाललंय. मला सगळं हवंय रे, सगळं!"

आणि त्याच हिवाळ्यात गावच्या चर्चमधल्या काही बायकांनी एका खोलीत फोन आणि माझ्यासारखं यंत्र बसवलं. बहिऱ्या माणसाने टाइप करायचं, तिथल्या बाईने ते फोनवर वाचून दाखवायचं आणि पलीकडचा जे बोलेल ते परत टाइप करायचं. नियम कडक होता. कानावर पडेल ते सगळं टाइप करायचं. गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही आणि बाहेर कुठे बोलायचं नाही.

रविवारी जेवणं उरकल्यावर आर्व्हिला माझ्यापुढे बसली. पलीकडे, चर्चच्या त्या खोलीत, जिनीव्हाबाई होत्या. मी छापू लागलो: 'फोन उचलला. वयस्कर बाई. मला काही विकत घ्यायचं नाही. फोन ठेवला.'

आर्व्हिला पोट धरून हसली. "हीच! हीच माझी आई!"

पुन्हा फोन लावला. 'आई, मी आर्व्हिला. या बाई माझे शब्द वाचताहेत. तू माझ्याशीच बोल. तुझा शब्द न शब्द मला कळेल. आता तू.'

मग उमटलं: 'रडतायत. तिला सांगा, मी मजेत आहे. तिला सांगा, सफरचंदाचा मुरांबा घातलाय.'

'आई, डॉक्टर काय म्हणाले? खरं सांग. आता तू.'

'तिला सांगा, म्हातारी घोड्यासारखी धडधाकट आहे म्हणाले. आणि बाई, आता हे तुमच्या-माझ्यात. तिला सांगू नका.'

मी थांबलो. पलीकडे जिनीव्हाबाईंची बोटं अडली होती. हेस्टरला वाटलं, या बाई म्हणजे निरोप नेणारी कुणी शेजारीण. त्यांच्यापाशी मन मोकळं केलं तर ते त्यांच्यापाशीच राहील. नियम तिच्या कानावरून गेला होता, डोक्यात शिरला नव्हता. मी वाट पाहत होतो. मग एकेक अक्षर येऊ लागलं.

'पोटात गाठ आहे. ईस्टरचा सण दिसेल न दिसेल. फार वेळ बसवत नाही, म्हणून पत्रं छोटी. तिला कळलं तर ती बर्फातून धावत येईल. लहानपणी मी तिला त्या शाळेत सोडून निघाले, तेव्हा ती फाटक धरून उभी होती. पुन्हा तिला तसं रडवायचं नाही मला. मी तिच्या हातांची भाषा शिकले नाही हो. शिकायला हवी होती.'

मित्रांनो, चंद्राची बातमी छापताना माझा एक खिळासुद्धा हलला नव्हता. त्या दुपारी मात्र मी आतून थरारलो. आठशे मैलांवरचा म्हातारीचा जीव माझ्या कागदावर अक्षर अक्षर उतरत होता, आणि तो उतरवणारा मी, एक भंगार! हे भाग्य मला का लाभलं, मला अजून कळलेलं नाही.

आर्व्हिलाने डोळे पुसले नाहीत. तिने टाइप केलं: 'आई, मी ऐकलं. सगळं ऐकलं. मी उद्या निघते. आता तू.'

पलीकडे जिनीव्हाबाईंनी ते मोठ्याने वाचलं असणार. मग ओळ आली, आणि या खेपेला तिच्यात 'तिला सांगा' नव्हतं.

'आर्व्ही, ये गं. जाड कोट घालून ये.'

शेजारी उभा राहून वाचणारा डेल्बर्ट तोवर, बर्फात घसरू नये म्हणून, गाडीच्या चाकांना साखळ्या बांधायला गेलासुद्धा होता. आर्व्हिला ईस्टर उलटेपर्यंत आईपाशी राहिली. परत आली तेव्हा क्लाइडच्या बायकोला तिने माझ्यावरून कळवलं की शेवटच्या दिवसांत आईची बोटं धड वळत नव्हती, तरी ती रोज एक खूण शिकायची.

आता खिशात मावणारे फोन आलेत. माझा कागद संपला, तेल सुकलं. मला पुसून ठेवा असंही मी म्हणत नाही, लोखंड आहे, गंजायचंच. एवढंच सांगतो. तुमच्या घरी, वर्गात ऐकू न येणारं कुणी असेल आणि सगळे हसत असताना त्याने तुमची बाही ओढून "काय झालं?" असं विचारलं, तर "काही नाही" म्हणू नका. त्याला सगळं सांगा.